लेझर सिलिकॉनवरच वाढवावा, की बाहेरच बरा?

कंदील:
सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणजे चिपवर प्रकाशाने डेटा नेण्याचं तंत्र. सिलिकॉनमधून प्रकाश नेता येतो, वळवता येतो, त्यावर डेटा चढवता येतो. निर्माण तेवढा करता येत नाही. बँडगॅप (इलेक्ट्रॉनच्या दोन पातळ्यांमधली ऊर्जेची दरी) इनडायरेक्ट, म्हणजे ती उतरताना प्रकाश सहजी सुटत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनची ऊर्जा बहुतेक उष्णतेतच जाते. म्हणून लेझरसाठी गॅलियम आर्सेनाइड नाहीतर इंडियम फॉस्फाइड. पण तो वेगळा बनवून चिकटवावा लागतोय तोवर हे तंत्र अर्धवटच, असं माझं स्पष्ट मत.

तापलेली_चिप:
अर्धवट कसं? इंटेल आणि सांता बार्बराच्या विद्यापीठाने २००६ मध्येच इंडियम फॉस्फाइड सिलिकॉनला जोडून विजेवर चालणारा लेझर दाखवला. २०१६ पासून तसे ट्रान्सीव्हर (प्रकाशाने डेटा पाठवणारी-घेणारी उपकरणं) विकले जाताहेत.
'थेट वाढवा', म्हणजे लेझरचा स्फटिक सिलिकॉनवरच तयार करा, असं म्हणायला काय जातं! स्फटिकातल्या अणूंच्या अंतरात गॅलियम आर्सेनाइडचा सिलिकॉनशी ४ टक्के फरक, इंडियम फॉस्फाइडचा ८. शिवाय थंड होताना सिलिकॉन आणि हे पदार्थ वेगवेगळे आकसतात. मग डिस्लोकेशन (स्फटिकाच्या रचनेतले दोष), आणि लेझर लवकरच आडवा.

कंदील:
त्यावर उतारा आहे की. क्वांटम डॉटमध्ये (स्फटिकातल्या अतिसूक्ष्म ठिपक्यांत) इलेक्ट्रॉन आपापल्या ठिपक्यात अडकतात, शेजारच्या दोषापर्यंत सहसा पोचत नाहीत. आणि बेल्जियमच्या आयमेक या चिप-संशोधन संस्थेने २०२५ मध्ये ३०० मिलिमीटरच्या सिलिकॉन वेफरवर (चिप बनवायच्या चकतीवर) अरुंद खाचांतून लेझर वाढवून दाखवले. दोष खाचेच्या भिंतीलाच अडतात.

तापलेली_चिप:
वाचलंय. तरंगलांबी १०२० नॅनोमीटरच्या आसपास! १.१ मायक्रॉनच्या (११०० नॅनोमीटर) खालच्या तरंगलांबीचा प्रकाश सिलिकॉन गिळतो. ज्या सिलिकॉन वेव्हगाइडसाठी (चिपवरच्या प्रकाशवाटेसाठी) हा खटाटोप, त्यातूनच तो जाणार नाही. असाच १३१० नॅनोमीटरवर दाखवा, मग बोलू.

कंदील:
हे मान्य. सिलिकॉन नायट्राइडच्या वेव्हगाइडमधून मात्र जाईल.

निवांत:
लेझर चिपवर हवाच, हे दोघांनीही गृहीत धरलंय. त्याला उष्णतेचं वावडं: तापला की थ्रेशोल्ड करंट (लेझर सुरू व्हायला लागणारा किमान विद्युतप्रवाह) वाढतो, आयुष्य घटतं. त्याला प्रोसेसरच्या कुशीत कशाला बसवायचं? बाहेर ठेवा, फायबरने प्रकाश आणा, बिघडला की बदला.

कंदील:
आणि फायबर चिपला जोडताना प्रकाश सांडतो त्याचं काय? शेकडो चॅनेल असतील तेव्हा?

निवांत:
सांडतो खरा, तिथे वाद नाही. पण शेकडो लेझर कशाला? एकच लेझर अनेक चॅनेलना वाटता येतो, त्या प्रकाशावर डेटा चढवायला चिपवर मॉड्युलेटर आहेतच.

तापलेली_चिप:
सोळा जणांत वाटला की प्रत्येकाला सोळावा हिस्सा. तेवढ्या ताकदीचा लेझर बाहेर बसूनही तापणारच. तो थंड ठेवायची वीज कोणाच्या हिशेबात धरलीत?