मदत हवी आहे: वॉर्डची इन्चार्ज झाले, पण इन्चार्जचं काम करायला वेळच उरत नाही

केवडा_२
३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड. सकाळी ५, दुपारी ४, रात्री ३ स्टाफ लावायचा. ड्युटी ८ तासांची, आठवड्याला एक ऑफ. माझ्याखाली १४ सिस्टर-ब्रदर आहेत, मी वेगळी. तरी रोज कुणाच्या तरी जागी मीच औषधं द्यायला उभी असते. रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक), इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी), रजिस्टरं, नव्यांना शिकवणं हे सगळं ड्युटी संपल्यावर. यातलं माझ्याच अंगावरचं काम कोणतं आणि वाटून काय देता येईल? शिवाय ओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देण्यात, पाऊण तास जातो, तो कसा कमी करायचा?

आकडेमोड
आधी हिशेब बघा. ५+४+३ म्हणजे दिवसाला १२ ड्युट्या, आठवड्याला ८४. एक जण आठवड्याला ६ करतो, म्हणजे १४ माणसं. तुमच्याकडे बरोबर १४ आहेत, पण हा आकडा कुणीच रजा घेत नाही, आजारी पडत नाही, ट्रेनिंगला जात नाही असं धरून आलेला आहे. पाचातला एक जण या ना त्या कारणाने नसतो असं धरलं तर १४ भागिले ०.८, म्हणजे १७.५. १८ लागतात. ती चारची तूट तुम्ही एकट्या भरताय. तेव्हा वेळेचं नियोजन वगैरे सल्ले बाजूला ठेवा.

महिनाभर एक वही ठेवा: तारीख, कोणती ड्युटी रिकामी होती, कुणी भरली, त्यामुळे इन्चार्जचं कोणतं काम राहिलं. मेट्रनला (सगळ्या नर्सिंग स्टाफच्या प्रमुख) तोंडी सांगू नका, हा कागद द्या. आणि तोवर पेशंट अंगावर घेणं बंद करा.

सुईदोरा
बंद करा म्हणणं सोपं आहे. रात्री तिघांतला एक आला नाही तर उरलेल्या दोघांवर १५-१५ पेशंट पडतात, तिथे उभं राहावंच लागतं. फक्त त्या दिवशी इन्चार्ज म्हणून मोकळं कुणी नव्हतं, हे रिपोर्ट बुकात लिहा. लिहिलं नाही की कागदावर सगळं सुरळीत दिसतं.

वाटून देण्याबद्दल: लिनन, स्टोअरचा इंडेंट, फ्रिजच्या तापमानाची नोंद (२ ते ८ अंश), इमर्जन्सी ट्रॉली ही कामं नावानिशी द्या. ‘सगळ्यांनी बघा’ म्हटलं की कुणीच बघत नाही. ट्रॉलीला नंबर असलेलं प्लॅस्टिक सील लावा. दर ड्युटीला सीलचा नंबर जुळवायचा, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र), सक्शन आणि सिलिंडरचा दाब तपासायचा. सील तोडून पूर्ण मोजणी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक वापरानंतर. अ‍ॅड्रेनलीन दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिग्रॅ जातं, म्हणजे अर्ध्या तासाच्या सीपीआरला १० अँप्यूलपर्यंत (इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुप्या). ट्रॉलीत ५च असतील तर ऐन वेळी कुणीतरी फार्मसीकडे धावणार. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना घसा बघायचं साधन) दिवा मात्र प्रत्यक्ष लावून बघायला सांगा. मोजणीत तो ‘आहे’ म्हणून भरतो आणि गरजेला पेटत नाही.

तुमच्याकडेच ठेवायचं: रोस्टर, चुकांचे रिपोर्ट, नातेवाइकांच्या तक्रारी, नव्या माणसाला एकट्याने ड्युटी द्यायची की नाही हा निर्णय, नार्कोटिक्सची (मॉर्फीनसारखी कुलपात ठेवायची औषधं) जबाबदारी.

लालशाई
नार्कोटिक्सवर थोडं. किल्ली बाकीच्या जुडग्यात नको. तुम्ही नसाल तेव्हा ती त्या ड्युटीच्या प्रमुखाच्या अंगावर, ड्रॉवरमध्ये नाही. प्रत्येक ओव्हरला जाणारा आणि येणारा दोघांनी अँप्यूल हातात घेऊन मोजायच्या. रजिस्टरमधला आकडा वाचून सही करणं म्हणजे मोजणी नव्हे. घोळ बहुतेक अर्धवट डोसात होतो. १० मिग्रॅ मॉर्फीनच्या अँप्यूलमधून ४ दिलं तर उरलेलं ६ साक्षीदारासमोर टाकायचं आणि दोघांच्या सह्या तेव्हाच घ्यायच्या. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही-तारीख. व्हाइटनर अजिबात नाही. मोजणी जुळली नाही तर जाणाऱ्या स्टाफला थांबवा, शेवटच्या नोंदी पेशंटच्या ड्रग चार्टशी ताडा, तरी जुळेना तर त्याच ड्युटीत वर कळवा. ‘उद्या बघू’ म्हटलं की तिसऱ्या ड्युटीपर्यंत कुणालाच काही आठवत नाही.

आकडेमोड
ओव्हरचा पाऊण तास कुठे जातो? सगळे स्टाफ सगळ्या ३० पेशंटचं ऐकतात, दीड मिनिट गुणिले ३०. त्याऐवजी आधी ५ मिनिटं सगळ्यांना फक्त गंभीर पेशंट, नवे अ‍ॅडमिशन, पडण्याचा धोका असलेले आणि ऑपरेशनला जाणारे सांगा. मग ज्याचे पेशंट त्याने खाटेपाशी जाऊन ओव्हर घ्यावा. सकाळी पाच जणांत सहा-सहा पेशंट, दोन मिनिटं धरली तरी १२ मिनिटं. खाटेपाशी ड्रिपचा वेग, सुईची जागा, कॅथेटर, पाठ (बेडसोर आहे का) डोळ्यांनी दिसते. ड्रिप कधीपासून शिरेच्या बाहेर जातेय हे काउंटरवर बसून कळत नाही.

केवडा_२
खूप आभार. रोस्टर लावताना रात्रीवरून भांडणं होतात, त्याचं काय?

सुईदोरा
रात्रींची बेरीज प्रत्येकाच्या नावापुढे, मागच्या तीन महिन्यांसकट, रोस्टरवरच लिहा, सुट्टीच्या दिवसांचीही. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. रजेच्या मागण्या रोस्टर लागण्याआधीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत आणि लेखीच. अदलाबदल चालेल, पण जुन्याची जुन्याशी. नाहीतर दोघांनी आपसात बदललं आणि रात्री तिन्ही नवे, असं होतं. आणि इव्हिनिंग संपवून लगेच सकाळी बोलावू नका, मधे झोपेला जेमतेम सहा तास उरतात.

केवडा_२
वही आजपासून सुरू. रात्री कुणी आलं नाही तर मला घरी फोन येतो, तेही त्यात लिहू का?

आकडेमोड
हो. वेळेसकट.