पडौक-वेंगेची कोरीव पेटी: खण अडकतो, लाल रंग पसरतो, तेल वाळत नाही

रानशिवण
नमस्कार मंडळी. बँडसॉवर (अखंड पट्टीची उभी यांत्रिक करवत) एकाच ठोकळ्यातून दोन खणांची पेटी काढतोय. बाहेरून सरळ कड कुठेच नाही, सगळा आकार कानशीने घडवायचा आहे.

ठोकळा समोरून २८० × १८० मिमी, खोली १२० मिमी. पुढून मागे थर असे: २५ मिमी आफ्रिकन पडौक (लाल लाकूड), ३ मिमी वेंगे (गडद लाकूड), ६४ मिमी शिवण (फिकं लाकूड, ३२ चे दोन तुकडे), पुन्हा ३ मिमी वेंगे आणि २५ मिमी पडौक. चिकटवायला फेविकॉल. मशीन १४ इंची, ब्लेड १० मिमीचं. खणांच्या मुठी शिसवीच्या.

सरावाच्या ठोकळ्यावर तीन गोष्टी बिघडल्या:

१. कापलेला खण पुढून बाहेर येतो, पण मागच्या बाजूकडे ढकलला की अर्ध्यात अडकतो.
२. घासताना पडौकचा लाल रंग शिवणीत उतरला. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर आणखी पसरला.
३. शिसवीच्या मुठींना डबल बॉइल्ड जवस तेल लावलं, ते अजून चिकट आहे. तेच तेल त्याच डब्यातून शिवणीवर लावलं तर व्यवस्थित वाळलं.

खऱ्या ठोकळ्याला हात लावण्याआधी विचारतोय. बाहेरचा आकार आधी कापावा की खण आधी?

गुण्या-पटाशी
पहिल्या अडचणीचं कारण जवळजवळ नक्कीच टेबल. बंद वळणावर एकाच दिशेने फिरत कापलं आणि टेबल जरासं कललेलं असलं, तर निघालेला तुकडा बुचासारखा निमुळता होतो आणि एकाच बाजूने सरकतो. अर्धा अंश कल असेल तर १२० मिमी उंचीत १ मिमीहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे ब्लेडने पाडलेल्या चिरेइतकाच. खणाला मिळायची सगळी मोकळीक तिथेच संपली.

छोट्या गुण्यावर विसंबू नका. १२०-१३० मिमी उंच टाकाऊ तुकड्याला ५ मिमी खोल चीर पाडा, मशीन बंद करा, तुकडा न उलटता टेबलावरच अर्धा फेरा फिरवा आणि तीच चीर ब्लेडच्या पाठीवर चढवा. ब्लेड वरपासून खालपर्यंत चिरेत बसलं तर टेबल काटकोनात. बसलं नाही तर जो फरक दिसतो तो खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो, म्हणून तपासणी सोपी जाते.

ब्लेडही बदला. १० मिमीचं ब्लेड साधारण ३५-३८ मिमी त्रिज्येच्या आत वळत नाही. तुम्ही वळवलंत की ते ठोकळ्याच्या पोटात धनुष्यासारखं वाकतं, खण मध्येच फुगीर निघतो, आणि वर-खाली मापलं तर सगळं बरोबर दिसतं. ६ मिमीचं, इंचाला ४ ते ६ दात असलेलं नवं ब्लेड घ्या. ते १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं, तेव्हा खणाचे कोपरे १८-२० मिमीच्या खाली काढू नका. जादा दातांचं ब्लेड गुळगुळीत कापेल असं वाटतं, पण १२० मिमी जाडीत भुसा बाहेर पडायला जागा उरत नाही. मग ब्लेड तापतं आणि लाकूड जळतं.

आता क्रम. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी.

आधी ठोकळा चौकोनी असतानाच मागची १० मिमी फळी कापून वेगळी करा. गोलाई काढल्यावर हे काम करायला गेलात तर ठोकळा टेबलावर लोळतो आणि ब्लेड त्याला खेचून घेतं. बोटं जातात ती इथेच.

मग खण. ब्लेड आत नेण्याची चीर कुठून न्यायची हे ठोकळा चिकटवण्यापूर्वीच ठरवा. सगळ्या थरांतल्या लाकडाच्या तंतूंच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवा आणि चीर बाजूच्या भिंतीतून, रेषांना समांतर न्या. म्हणजे ती बुजवल्यावर सांधा लांब रेषेला लांब रेषा असा होतो: पक्का आणि जवळपास न दिसणारा. वरून चीर नेली तर ती रेषा आडव्या छेदून जाते आणि ती जखम कायम दिसते.

चौकोनी ठोकळ्याच्या भिंती जाड असतात. क्लॅम्प पिळून चीर मिटवायला गेलात तर बाजूच्या भिंतीत, जिथे रेषा आखूड पडतात, तिथे तडा जाईल. त्याऐवजी ठोकळ्याची टोकं सारखी करताना निघालेल्या तुकड्यातून चिरेच्या जाडीची, सुमारे १ मिमीची पट्टी काढा आणि तीच आत चिकटवा. तिच्यात पडौक-वेंगे-शिवण हे थर त्याच क्रमाने आणि त्याच जाडीचे असतात, त्यामुळे बाहेरून जुळतात. दोन्ही खणांच्या चिरा अशा बुजवा.

खणाचा पुढचा ८ मिमी आणि मागचा ६ मिमी तुकडा कापा, मधल्या भागातून पोकळी काढा (भिंत ६ मिमीहून कमी नको), आणि दोन्ही तुकडे परत चिकटवा. कापण्याआधी वरच्या अंगावर पेन्सिलने मोठा त्रिकोण काढून ठेवा, नाहीतर पुढच्या तुकड्याची दिशा चुकते. खण गोल असेल तर चौकोनी टाकाऊ फळीला हॉट ग्लूने टाचून मगच कापा.

दोन चिरा आणि घासणं धरून खण कप्प्यापेक्षा २ ते ३ मिमी तोकडा होतो. हे होणारच. कप्प्याच्या मागच्या भिंतीला तेवढ्या जाडीचा कॉर्क किंवा नमदा चिकटवला की खणाचा चेहरा पेटीच्या चेहऱ्याशी येतो आणि बंद करताना टकटक होत नाही.

यानंतर मागची फळी चिकटवा, मग बाहेरचा आकार कापा. कोरीव कामाआधी भिंती २० मिमी असू द्या, संपल्यावर १० ते १२ उरल्या पाहिजेत. मधूनमधून कॅलिपर लावत राहा. घासताना खण आतच राहू द्या, म्हणजे पेटी आणि खण एकाच वळणात येतात आणि कप्प्याच्या कडा गोल होत नाहीत.

टिंबर-मार्केट
वर सगळं पटलं. लाकडाबद्दल थोडी भर.

फळ्यांचा ओलावा १० ते १२ टक्के हवा आणि मुख्य म्हणजे सगळ्या थरांचा सारखा. पडौक १० वर आणि शिवण १६ वर असेल तर शिवण नंतर आकसते आणि सांध्यावर नखाला लागेल अशी पायरी तयार होते. मीटर नुसता पृष्ठभागावर टेकवू नका. फळीचं टोक १५-२० सेंमी छाटून आतल्या ताज्या भागात पिना रोवा.

चिकटवल्यानंतर दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले तरी घासायची घाई नको. फेविकॉलमधलं पाणी सांध्याजवळचं लाकूड फुगवतं. ते फुगलेलं असताना सपाट केलंत तर चार दिवसांनी तिथे खोलगट रेघ दिसते.

पावसाळ्यात खण फुगून अडकेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे विचाराल. एकाच ठोकळ्यातून निघालेली पेटी आणि खण एकाच दिशेने फुगतात, आकसतात. म्हणून साध्या ड्रॉवरपेक्षा हे कमी अडकतं. मात्र खणाला पॉलिश आणि कप्पा आतून कोरडा असं ठेवलंत तर दोघांचा वेग वेगळा होतो. आतल्या सगळ्या बाजूंना चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) निदान एक हात द्या. आत तेल लावू नका, बंद खणात वास वर्षभर राहतो.

पडौकसाठी आफ्रिकनच हवा असं नाही. अंदमानचा पडौक मुंबईत रे रोडला किंवा पुण्यात भवानी पेठेत विचारून पाहा. रंग थोडा शांत, पण कोरायला छान. आफ्रिकेतल्या टेरोकार्पसच्या (पडौक त्यातलाच) सगळ्या जाती २०२२ च्या पनामा परिषदेत सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये गेल्या, शिसवीची अख्खी प्रजाती (डालबर्जिया) २०१७ पासून तिथे आहे. आयात फळी घेताना कागद मागा.

चपडालाख
रंग पसरण्याचं सांगतो. पडौकमधली लाली रक्तचंदनाच्याच जातकुळीतली. ती पाण्यात जवळपास उतरत नाही, पण स्पिरिट, अॅसिटोन, थिनर यांत लगेच उतरते. थिनरच्या फडक्याने तुम्ही शिवणीला अक्षरशः रंगवलंत.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना २०-२५ मिमी पट्ट्यात शेवटचं काम पॉलिश पेपरने न करता स्क्रेपरने (धार काढलेला पोलादी पत्रा) करा. स्क्रेपर काढतो ती पातळ साल, तिची पूड शिवणीच्या छिद्रांत बसत नाही. बाकी भागात ८०, १२०, १८०, २४०, ३२० असा क्रम. प्रत्येक कागदानंतर ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने धूळ ओढा. हाताने झटकू नका, ओलं फडकं तर नकोच. आत्ता जो डाग पडलाय तो पुसून जाणार नाही, स्क्रेपरने दोन-तीन पदर काढा.

वेंगेच्या पट्टीवर बोटांनी कागद दाबू नका. त्यात गडद कठीण आणि फिकी मऊ रेघ आलटूनपालटून असते, मऊ भाग आधी झिजतो आणि लाटा उठतात. कागदामागे कॉर्कचा तुकडा धरा. कानस नेहमी उंचावरून उताराकडे चालवा, उलटी नेलीत तर फाटे निघतात. वेंगेचं कूस बोटात मोडलं तर हमखास पिकतं.

शिसवीचं कारण वेगळं. जवस तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि शिसवीतली द्रव्यं नेमकी तीच क्रिया रोखतात. थांबून उपयोग नाही. टर्पेंटाइनने चिकट थर पुसून काढा, एक दिवस सुकू द्या, मग मेण काढलेल्या चपड्याचे दोन पातळ हात. चपडा घरीच विरघळवा: अर्धा लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम. बाटली दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, मेण तळाशी बसतं, वरचं नितळ तेवढं ओतून घ्या.

तेल पुसलेली फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. उलगडून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रानशिवण
सगळ्यांचे आभार. टेबल तपासलं, कललेलंच होतं. दोन शंका. चपडाही स्पिरिटमध्येच असतो, मग तो लावताना लाली पुन्हा पसरणार नाही का? आणि चिकटवण्यापूर्वी विदेशी लाकूड अॅसिटोनने पुसावं असं सगळीकडे वाचलंय, ते पडौकला कसं करायचं?

चपडालाख
पसरू शकते. म्हणून पहिला हात ब्रशने नको, स्प्रेने द्या. नुसतं धुकं, ओलं चमकेल इतकं नाही. असे दोन-तीन हात बसले की लाली आत कोंडली जाते, मग ब्रश चालतो. स्प्रे नसेल तर शिवणीवर आधी अर्धवट भरलेला, जवळजवळ कोरडा ब्रश फिरवा, आणि ब्रश कायम शिवणीकडून पडौककडे न्या, उलट कधीच नाही. पडौकसाठी ब्रश वेगळा ठेवा.

पाण्यावर आधारित लॅकर थेट लावलं तरी लाली पसरत नाही, पण त्याखाली पडौक जरा मेलेला दिसतो. वरून काहीही लावलंत तरी उन्हात तो तपकिरी होत जाणार. अतिनील किरण अडवणारं लॅकर वेग कमी करतं, थांबवत नाही.

गुण्या-पटाशी
अॅसिटोन तेलकट लाकडासाठी: शिसवी, कोकोबोलो, बर्मा साग. पडौक आणि वेंगे तेवढे तेलकट नाहीत. रंधा मारून तासाभरात चिकटवा, पुसायची गरज नाही. फळी आठवडाभर पडून असेल तर रंध्याचा एक पातळ हात पुन्हा मारा. मुठी मात्र शिसवीच्या आहेत, तिथे फक्त टेकणारा भाग अॅसिटोनने पुसा, पाच मिनिटांत स्लो अॅराल्डाइटने बसवा आणि ६ मिमीची गोल खुंटी आत द्या. नुसत्या चिकटवलेल्या मुठीला रोजची ओढ सहन होत नाही.

घासताना एन-९५ तरी लावाच. शिसवी आणि वेंगेच्या धुळीची अॅलर्जी एकदम होत नाही, साठत जाते, आणि एकदा झाली की नंतर थोड्या धुळीनेही अंगावर पुरळ उठतं.