मदत हवी आहे : इंगल्टनची धबधब्यांची वाट आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मिरजेहून आमच्याकडे लीड्सला आलेत. ऑक्टोबरच्या शेवटी एक दिवस त्यांना यॉर्कशायर डेल्समधल्या इंगल्टन वॉटरफॉल्स ट्रेलला न्यायचं मनात आहे. पानगळीचे रंग आणि धबधबे एकाच फेरीत होतील. आम्ही स्वतः तिथे गेलेलो नाही, म्हणून जाऊन आलेल्यांचं मत हवंय.

मला कळलंय ते असं: वाट गोल आहे, साधारण ७ किलोमीटर. ट्विस नदीच्या काठाने वर चढायचं, डो नदीच्या काठाने गावात उतरायचं. वेळ अडीच ते चार तास. जागा खाजगी असल्यामुळे तिकीट. आणि पायऱ्या हजाराच्या वर! इथे घोडं अडलंय.

आई ६६ वर्षांची आहे. सपाटीवर ती मला मागे टाकते, चढतानाही तक्रार नसते, पण उतरताना उजवा गुडघा दुखायला लागतो. ऑपरेशन वगैरे नाही, डॉक्टरांनी 'चालत राहा, जिने टाळा' एवढंच सांगितलंय. आता हजार पायऱ्या म्हणजे जिने टाळणं कसं म्हणायचं! बाबांना विचारण्यात अर्थ नाही. ७१ वर्षांचे आहेत, पण पन्हाळा ते विशाळगड चाललेला माणूस, "सात किलोमीटर म्हणजे काय गं" एवढंच बोलतात. शिवाय ते रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यांना धबधब्यांपेक्षा रिबलहेडचा २४ कमानींचा पूल बघायचाय. तोही त्याच दिवशी बसवता येईल का?

उतरणीच्या पायऱ्या कुठल्या बाजूला जास्त आहेत? अर्ध्यातून परत फिरता येतं की एकदा आत गेलं की पूर्ण फेरी करावीच लागते? ओल्या पानांवरून घसरायला होतं का? आई पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूजवर तयार झाली आहे (साडीवरून बराच वाद होऊन हा तह झालाय), ते शूज पुरतील का? आणि स्वच्छतागृहाचंही सांगा, हा प्रश्न कुणी विचारत नाही पण सगळ्यांना पडतो.

आगाऊ धन्यवाद.

डोंगरवारा :
उतरण चुकत नाही ताई. फेरी पूर्ण केलीत तर डो नदीच्या बाजूला उतरायचं, अर्ध्यातून फिरलात तर चढलेल्याच पायऱ्या उतरायच्या. पण परत फिरता येतं, कुणी अडवत नाही.

माझ्या मते असं करा. सुरुवातीचा स्विला ग्लेनचा टप्पा त्यामानाने सोपा आहे. ओक आणि ॲशचं रान, शेजारून नदी. इथेच वाटेत पडलेले ओंडके आहेत, लोकांनी त्यांत ठोकून ठोकून नाणी बसवलीत, आई तिथे रमतील. खरी चढण पेक्का फॉल्सपाशी सुरू होते. तिथल्या पुलावर उभं राहून गुडघ्याची विचारपूस करायची. नको वाटलं तर तिथून मागे फिरायचं, तेवढ्यातही धबधबा पाहून होतो. पेक्का चढून गेलात तर मग पुढचा थॉर्न्टन फोर्स हा धबधबा बघितल्याशिवाय फिरू नका.

शूजचं म्हणाल तर तळवा बघा. झिजलेला असेल तर नवे घ्या. ओला चुनखडक आणि त्यावर पानांचा थर, चांगले चांगले घसरतात.

खडकवासी :
थॉर्न्टन फोर्स १४ मीटरचाच आहे. आपल्याकडचे धबधबे पाहिलेल्यांना 'एवढाच?' वाटेल. तिथे पाण्याइतकंच खडकाकडे बघायला सांगा. वरचा चुनखडक आडव्या थरांचा, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा. खालचे थर उभे-तिरपे, त्याहून दहा कोटींपेक्षा जास्त वर्षांनी जुने. मधल्या काळाचा खडक तिथे नाहीच, झिजून गेला. जुन्या नव्याची सीमा तळहाताने झाकता येते. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे इथे तो शेंडेफळ.

पाऊस झाला असेल तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल. गढूळ म्हणून नाक मुरडू नका, वरच्या माळावरच्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा रंग आहे तो.

धागाकर्ती :
@खडकवासी, हे बाबांना सांगितलं तर आम्ही तिथून संध्याकाळपर्यंत हलणार नाही! @डोंगरवारा, पुलावर ठरवायची कल्पना आवडली. पण समजा चढून गेलो आणि वर गेल्यावर दुखायला लागलं, तर गाडी आणता येईल का?

डोंगरवारा :
थॉर्न्टन फोर्सच्या पुढे वाट माळावर येते आणि नंतर एका अरुंद गाडीरस्त्याला छेदते. अडचणीत तिथून उचलता येईल, पण गाडी लावून थांबायला जागा नाही, त्यामुळे बेत त्याच्या भरवशावर आखू नका. रस्ता ओलांडल्यावर बीझली फॉल्स आणि बॅक्सनगिलची घळ लागते. ती बाजू मला स्वतःला जास्त आवडते, गर्दी पांगलेली असते.

स्वच्छतागृह सुरुवातीच्या गाडीतळावर आहे, तिथे आटपूनच निघा. शेवटचा प्रवेश किती वाजता ते आदल्या दिवशी बघून घ्या, हिवाळ्याकडे वेळ बदलते.

उत्तरेकडची :
तारखेचा विचार केलास का? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर तिथे पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, आणि घळीत त्याआधीच अंधारतं. त्याच्या आदल्या शनिवारी गेलीस तर संध्याकाळचा तास हाती राहील. मग सकाळी दहाला ट्रेल सुरू करायचा, दुपारी रिबलहेड. इंगल्टनपासून जेमतेम १० किलोमीटर आहे, गाडी रस्त्याकडेला लावून पुलापर्यंत चालणं सोपं आहे.

आणि बाबांना सांग, इंगल्टन गावातही ११ कमानींचा पूल आहे. १८८५ मध्ये हा ट्रेल सुरू झाला तेव्हा ब्रॅडफर्ड-लीड्सकडची माणसं आगगाडीनेच इथे यायची. १९५४ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, पूल तेवढा उभा आहे. काकू पेक्कापासून फिरल्या तर काकांना त्यांच्याबरोबर परतायला कारण मिळेल, नाहीतर ते कसले ऐकतात.

धागाकर्ती :
हे भारी आहे! शनिवारच ठरवते. पाऊस फार असेल तर ट्रेल रद्द, सरळ रिबलहेड. धपाटे आणि चटणी घेऊन जातोय, त्यामुळे जेवायची चिंता नाही. आईसाठी चालायची काठी आज आणते. एक घेऊ की दोन?

डोंगरवारा :
दोन. उतरताना दोन्हीकडे भार गेला तरच गुडघ्याला आराम पडतो. टोकांना रबरी टोपणं बघून घ्या, खडकावर नुसतं लोखंडी टोक सरकतं. आणि उंची चढताना थोडी कमी, उतरताना थोडी जास्त ठेवायची, हे घरीच जिन्यावर एकदा करून बघायला सांगा.