मदत हवी आहे : सैन्यातून निवृत्त होऊन महाविद्यालयात शिकतो आहे, रात्रीची झोप लागत नाही

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो, वय 38. पलटणीत 17 वर्षे काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि राहून गेलेली पदवी पुरी करावी म्हणून बी.ए.ला प्रवेश घेतला. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे.

रात्री साडेदहाला अंथरुणावर पडलो तरी एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही आणि साडेतीन-चारला कुणी खांदा हलवून उठवल्यासारखी जाग येते. चौकीवर दोन तास पहारा आणि चार तास आराम अशा पाळ्यांची, पहाट फुटण्यापूर्वीच्या ‘स्टँड-टू’ची (सगळ्यांनी शस्त्रे घेऊन सज्ज राहण्याची) शरीराला लागलेली सवय घरी येऊन दोन वर्षे झाली तरी सुटत नाही. परसात माडाची झावळी पडली तरी मी उठून बसतो. गेल्या दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाके आणि कर्णे थांबेपर्यंत मी घराभोवती फेऱ्या मारत होतो. माझी धाकटी मुलगी खिडकीतून ते पाहत होती, हे मला फार लागले.

याचा परिणाम अभ्यासावर होतो. सकाळची कदंब बस पकडून वर्गात पोचतो, पण अकराच्या तासाला डोळे मिटतात. वाचलेले झोपेत पक्के होते म्हणतात, तेच माझ्या बाबतीत घडत नसावे.

लष्करी कॅन्टीनची रम घेऊन पाहिली. झोप लवकर आली, पण उत्तररात्री मोडली, म्हणून ती सोडली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दहा दिवस घेतल्या, त्या संपताच पुन्हा तेच सुरू झाले. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय ही झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती सुचवली जाते, आणि तीत झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच आखून मग हळूहळू वाढवणे असे शिकवतात, असे वाचले. दोन आठवडे झोपेची नोंदही ठेवली आहे. दुपारची झोप धरून सरासरी साडेचार तास भरते.

गोव्यात ही पद्धत मराठीत किंवा कोकणीत कोण शिकवते? बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात यासाठी कुणी गेले आहे का, आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर तिथे जाण्यासाठी चिठ्ठी कशी मिळवावी? ‘तिथे गेलात तर गाव काय म्हणेल’ असे घरचे म्हणतात. मला त्याची पर्वा नाही, पण त्यांना समजावणे जड जाते, तेव्हा तुम्ही घरी काय सांगितले तेही लिहावे. शिवाय दुपारी साडेतीनला घरी आल्यावर मी दोन तास झोपतो, ती झोप बंद करावी का? ती बंद केली तर संध्याकाळी पुस्तक हातात धरवत नाही. निवृत्तीनंतर शिकलेल्या माजी सैनिकांनी हे कसे जमवले, ते कृपया सविस्तर सांगावे.