ट्रकचा पी २०ईई बिघाड-कोड जात नाही. मागचा नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) नवीन टाकावा काय?

काळी माती:
बीएस-६, सहा चाकी ट्रक, वणी पट्टा. गावातून जिनिंगपर्यंत कापसाच्या लहान फेऱ्या, मग रांगेत इंजिन सुरू ठेवून उभा. स्कॅनरवर पी २०ईई, दुसरा कोड नाही. टाकीत डीईएफ (एक्झॉस्टमध्ये फवारायचं यूरियाचं द्रावण) आहे. लोडवर, एससीआरच्या (डीईएफ वापरून नॉक्स कमी करणाऱ्या कॅटॅलिस्टच्या) तोंडाशी २८० अंश असताना पुढचा नॉक्स ६१० पीपीएम, मागचा ५२०. डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दाब ठीक. मिस्त्री म्हणतात, मागचा सेन्सर नवीन टाका.

डिझेल वऱ्हाड:
एवढ्यात नका टाकू भाऊ. तो कोड फक्त एवढंच सांगतो की एससीआर नॉक्स पुरेसा कमी करत नाही. स्कॅनरवरून डोसिंग (डीईएफचा फवारा) बंद करा अन् एकसारख्या लोडवर चालवा. कॅटॅलिस्टमधला साठलेला अमोनिया संपला की दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. आले, तर सेन्सर धड आहेत. मागचा आकडा आधी खाली उतरला, तर डीईएफ जास्त पडतंय. या सेन्सरला अमोनियाही नॉक्ससारखाच दिसतो.

डीईएफ कुठलं? यूरियाचं प्रमाण ३१.८ ते ३३.२ टक्क्यांत हवं. प्रमाण मोजायला डीईएफचीच पट्टी असलेला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, कूलंटचा चालत नाही. पण प्रमाण बरोबर म्हणजे माल शुद्ध, असं नाही. शेतीचा यूरिया पाण्यात कालवून विकणारे आहेत. त्यावर निंबोळीच्या तेलाचा लेप असतो, कॅटॅलिस्ट कायमचा जाऊ शकतो. उन्हाळाभर टिनाखाली तापलेला कॅनही नको.

काळी माती:
डोसिंग बंद केल्यावर ६०५ आणि ५९०. प्रमाण ३२.४, सीलबंद कॅन. डीईएफ इंजेक्टरच्या टोकाला पांढरा थर आहे.

डिझेल वऱ्हाड:
मग इंजेक्टरच. कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा. तार, पेचकस लावू नका, बोअरचं पाणी तर नाहीच. पांढरा थर विरघळतो. पाइपात आत करडा, दगडासारखा थर असेल तर तो पाण्यानं जात नाही, उष्णतेनंच जातो. बसवण्याआधी मोजपात्रात डोसिंग टेस्ट घ्या: फवारा धुक्यासारखा हवा, धार नको, अन् मिलिलिटर मॅन्युअलशी जुळले पाहिजेत. गॅस्केट नवीनच.

सुरुवातीचं कारण बहुतेक दोन. रांगेत आयडलवर एक्झॉस्ट थंड होतो. साधारण २०० अंशांखाली यूरिया नीट फुटत नाही, थर धरतो. दुसरं, ड्रायव्हर चावी काढताच बॅटरीचा मेन स्विच पाडतात. चावी बंद झाल्यावर पंप लाइनमधलं डीईएफ टाकीत परत ओढतो. त्याचा आवाज थांबेपर्यंत मेन स्विचला हात नको.

शेतकरी गॅरेज:
थर जाळायला उभ्या गाडीत रिजनरेशन (एक्झॉस्ट मुद्दाम तापवणं) कराल तर मोकळ्या मुरमाच्या जागी. डीपीएफ ६०० अंशांच्या आसपास जातो; पाइपाखाली कुटार, पऱ्हाटी किंवा सांडलेला कापूस नको.