स्वतःच्याच कंपनीला दिलेलं कर्ज बुडालं, तर करात तोटा का धरू नये?

पंचगंगाकाठ (धागा)
शिरोली एमआयडीसीत माझ्या मामेभावाची मशिनिंगची छोटी प्रायव्हेट लिमिटेड होती. मोठ्या गिऱ्हाइकाचं काम तुटलं, तसा तो घरचे पैसे कंपनीत ओतत गेला. पगाराची तारीख आली की एफडी मोडायची आणि कंपनीच्या नावाने चेक फाडायचा. ताळेबंदात 'संचालकांकडून अनसिक्युअर्ड लोन' (विनातारण कर्ज) या ओळीत 22 लाख साठले. 2023 मध्ये शटर पडलं. बँकेने मशिनं विकून आपले पैसे काढले, याच्या हाती काही लागलं नाही.

हा तोटा त्याला करात दाखवता आला नाही. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 36(2) ची तेव्हा अट होती की बुडालेली रक्कम आधी उत्पन्नात धरलेली हवी, नाहीतर देणाऱ्याचा धंदाच बँकिंगचा किंवा सावकारीचा हवा. हा तर लेथवाला! कॅश क्रेडिट (धंद्याच्या रोजच्या खर्चाचं कर्ज) देताना बँकेने मात्र 'आमचं कर्ज फिटेपर्यंत हे पैसे काढणार नाही' असं लिहून घेऊन तेच पैसे भांडवलात मोजले होते. बँकेला ते भांडवल, कर खात्याला खाजगी उसनवारी. हा सरळ अन्याय आहे.

सीए_कोथरूड
वाईट वाटलं, पण मागणी पटत नाही. सरसकट वजावट दिली की ज्यांचं उत्पन्न भरपूर आहे ते कागदी कंपन्या काढतील, तिथे कर्ज देतील आणि दोन वर्षांनी 'बुडालं' म्हणतील. शिवाय पुरवठादारांची बिलं थकली तरी तुमच्या भावाचं घर शाबूत राहिलं, ते मर्यादित जबाबदारीमुळे, म्हणजे कंपनीची देणी मालकाच्या घरावर येत नाहीत म्हणून. कंपनी वेगळी व्यक्ती आहे हे फायद्याच्या वेळी मान्य, मग तोट्याच्या वेळीही मान्य हवं. पैसे शेअर्समध्ये घातले असते, तर लिक्विडेशननंतर (कंपनीची मालमत्ता विकून, देणी भागवून ती बंद केल्यावर) आयकर कायद्याच्या कलम 46(2) खाली भांडवली तोटा मागता आला असता.

पंचगंगाकाठ
घर शाबूत कुठलं? लहान कंपनीला बँक संचालकाच्या वैयक्तिक हमीशिवाय दारात उभं करत नाही. आणि भांडवली तोटा वळता होतो फक्त भांडवली नफ्यातून (जमीन, शेअर्स असं काही विकून झालेल्या), तोही 8 वर्षांत. ज्याच्याकडे विकायला जमीनही उरली नाही त्याने तो कशात वळवायचा? हाच धंदा स्वतःच्या नावावर असता, तर तोटा धंद्याचाच धरला असता.

मालवणी_हिशोब
व्याजाचं कुणी बोललंच नाही. कंपनीने व्याज फक्त खात्याला जमा केलं, हातात एक पैसा दिला नाही, तरी त्यावर 10 टक्के टीडीएस (कंपनीने आधीच कापून सरकारला भरायचा कर) लागतो. अशा कंपनीकडे तो भरायलाही पैसे नसतात, म्हणून बहुतेक मालक बिनव्याजीच देतात. वर कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या ठेव नियमांनुसार संचालकाला लिहून द्यावं लागतं की हे पैसे दुसऱ्याकडून उसने आणलेले नाहीत. म्हणजे घालायची ती स्वतःची बचतच. सीएसाहेब, तुमच्या कागदी कंपन्यांना बँकेचे व्यवहार, पीएफचे चलन, जीएसटी रिटर्न बघून सहज वगळता येईल.

सीए_कोथरूड
सहज नाही. प्रत्येक प्रकरण अपिलात जाईल. फार तर कंपनी रीतसर बंद झाल्यावर या कर्जाला भांडवली तोटा म्हणा, इथवर मी येईन.

पंचगंगाकाठ
रीतसर म्हणजे कसं? लिक्विडेशनचा खर्च झेपत नाही, म्हणून छोटे लोक कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली कंपनीचं नाव सरकारी नोंदीतून काढून घेतात. त्यासाठी देणी शून्य लागतात. मग मालकालाच स्वतःच्या सहीने कर्ज माफ केल्याचा कागद द्यावा लागतो. आणि धंद्यात मिळालेला फायदा उत्पन्नात धरणारं आयकर कायद्याचं कलम 28(iv) 2023 मध्ये बदलल्यापासून ती माफी कंपनीचं उत्पन्न ठरण्याची टांगती तलवार आहेच. ज्याचे 22 लाख गेले त्याला शून्य, आणि मेलेल्या कंपनीला उत्पन्न! याचं उत्तर द्या.