मदत हवी आहे: ४,२०० मीटरवर कायम काम, सहकाऱ्याचं हिमोग्लोबिन २१.४. पुढे काय करावं?

शिखरवाट (धागाकर्ता)

नमस्कार. ४,२०० मीटर उंचीवरच्या केंद्रात बारा जण काम करतात आणि तिथेच झोपतात. तीन महिने वर, मग तीन आठवडे सुट्टीवर खाली, असं चक्र आहे. सुरुवातीची डोकेदुखी आठवड्याभरात थांबली, म्हणून सगळे रुळले असं धरून चाललो. आता दीड वर्षानंतर ४६ वर्षांच्या एका सहकाऱ्याचं हिमोग्लोबिन २१.४ आलंय, वर येण्यापूर्वी १५.२ होतं. ओठ जांभळट, कानात सतत आवाज, झोप तुटक. काही जण म्हणतात, रक्त वाढलं म्हणजे ताकद वाढली. हे कितपत गंभीर आहे? रक्त काढून टाकावं का? बाकीच्यांच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

शुभ्रपेशी

ताकद वाढली हा समज आधी सोडा. ४,२०० मीटरवर हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्क्यांवर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात आणि लाल पेशी वाढतात. काही प्रमाणात हे उपयोगी आहे. त्यापुढे रक्त इतकं दाट होतं की ते ढकलताना हृदयाची दमछाक होते, गुठळ्यांचा धोका वाढतो आणि पेशींना मिळणाऱ्या ऑक्सिजनमध्ये मात्र भर पडत नाही.

तुम्ही सांगताय ते दीर्घकालीन पर्वतीय आजाराशी जुळतं. पेरूच्या कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये तो प्रथम मांडला. निदानाची प्रचलित मर्यादा पुरुषांत २१ आणि स्त्रियांत १९ ग्रॅम प्रति डेसिलिटर. मात्र आकडा एकटा पुरत नाही. दम आणि धडधड, झोपमोड, निळसरपणा, फुगलेल्या शिरा, हातापायांना मुंग्या, डोकेदुखी आणि कानातला आवाज, या सात लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. हिमोग्लोबिन मर्यादेइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर आणखी ३. बेरीज ६ ते १० सौम्य, ११ ते १४ मध्यम, १५ किंवा त्याहून जास्त तीव्र.

एक अट विसरू नका. ही व्याख्या मुळात उंचीवरच्या कायमच्या रहिवाशांसाठी आहे, आणि धूम्रपान, फुफ्फुसांचा जुना आजार किंवा झोपेत श्वास अडणं असेल तर तेच मूळ कारण असू शकतं. शरीरात पाणी कमी असतानाही आकडा फुगतो. म्हणून नीट पाणी पिऊन पुन्हा तपासा, आणि सुट्टीवर जाण्याआधी तपासा, परतल्यावर नव्हे.

कातळ

रक्त काढण्याबद्दल: लक्षणं तीव्र असतील आणि खाली नेणं लगेच शक्य नसेल, तर डॉक्टर तात्पुरता उपाय म्हणून ते करतात. पण मूळ कारण तसंच राहतं, म्हणून काही आठवड्यांत पेशी पुन्हा वाढतात. शिवाय रक्तासोबत लोह जातं. पेरूतल्या सेरो दे पास्को शहरात, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर, अशा रुग्णांचं रक्त काढून पाहिलं तेव्हा फुफ्फुसातल्या धमनीचा दाब वाढला. त्यामुळे दर महिन्याला एक पिशवी काढण्याची सवय लावू नका. आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) न तपासता लोहाच्या गोळ्याही देऊ नका.

त्याच शहरातल्या चाचण्यांत रोज २५० मिलिग्रॅम ॲसिटाझोलामाइडने रात्रीचा ऑक्सिजन सुधारला आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, उतरलं. हे औषध मूत्रावाटे बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावतं, त्यामुळे श्वास खोल होतो. बोटांत मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

खरा उपाय मात्र उतरणं हाच. तुमच्या सहकाऱ्याला खाली पाठवा, हृदयाची इको तपासणी करून फुफ्फुसातला दाब पाहा, आणि पुन्हा वर पाठवायचं की नाही ते त्यावर ठरवा.

शिखरवाट

आभारी आहे. झोपेच्या खोलीत काही करता येईल का? ऑक्सिमीटरवर सगळ्यांचं दिवसा ८७ ते ८९ येतं. खोल्यांत इंधनाच्या शेगड्या आहेत.

कातळ

झोपेतच सगळ्यात मोठी घसरण होते. उंचीवर श्वास लाटांसारखा चालतो, मध्ये काही सेकंद थांबतो आणि ऑक्सिजन आणखी उतरतो. दिवसाचे ८८ पाहून निश्चिंत होऊ नका, रात्रभराची नोंद घ्या.

शक्य असेल तर झोपायची जागाच खाली न्या. चिलीतल्या आल्मा वेधशाळेच्या दुर्बिणी ५,००० मीटरवर आहेत, पण राहण्याचा तळ २,९०० मीटरवर. ते जमत नसेल तर खोलीतला ऑक्सिजन थोडा वाढवा. दर १ टक्का वाढीला जाणवणारी उंची सुमारे ३०० मीटरने उतरते, म्हणजे २१ वरून २४ टक्के केला तर तुमची खोली ३,३०० मीटरवर असल्यासारखी होईल. पण ऑक्सिजन वाढला की आग झपाट्याने पसरते. मोजमापयंत्र आणि अलार्म अनिवार्य, आणि हवा खेळती ठेवा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साचेल. त्या खोलीत शेगडी अजिबात चालणार नाही.

मृगजळ

शेगडीचा मुद्दा इथेच संपवू नका! अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो. माणूस गुदमरत असताना आकडा चांगला दिसतो. उबदार खोलीत सकाळी कित्येकांची डोकी दुखत असतील तर उंचीला दोष देण्याआधी शेगडी विझवा, दारं उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. प्रत्येक झोपेच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

ऑक्सिमीटर वापरताना बोट गरम हवं, नखाला रंग नको. पाच मिनिटं शांत बसून, आकडा स्थिरावल्यावरच लिहा.

शुभ्रपेशी

बाकीच्यांसाठी: वर येण्यापूर्वी हिमोग्लोबिन, फेरिटिन, मूत्रपिंडाचं कार्य, ईसीजी आणि वयस्कांची इको. वर असताना सुट्टीआधी दर वेळी हिमोग्लोबिन आणि तो लक्षणांचा गुणतक्ता, वर्षातून एकदा इको. मधुमेह असेल तर एचबीए१सीवर (काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) पूर्ण भिस्त नको, लाल पेशी बदलल्या की तो आकडा फसवतो. गर्भवती स्त्रीला इतक्या उंचीवर ठेवू नये. बाळाचं वजन दर १,००० मीटरला सुमारे १०० ग्रॅमने कमी भरतं, आणि रक्तदाब वाढण्याचा धोकाही असतो.

सुट्टीनंतरच्या परतीकडे बहुधा कुणाचं लक्ष नसतं. तीन आठवड्यांत शरीर उंचीची सवय बऱ्याच अंशी विसरतं, आणि जुन्या माणसालाही परतल्यावर फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. म्हणून अनुभवी माणसालाही पहिल्यांदा आल्यासारखंच चढवा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस, आणि पोचल्यावर पहिले दोन दिवस जड काम नाही. बसल्या जागी दम लागला, कोरडा खोकला सुरू झाला किंवा सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर ऑक्सिजन लावा आणि उजाडायची वाट न पाहता किमान ३०० ते १,००० मीटर खाली उतरवा.